प्रत झाली, असे केव्हा म्हणावे?

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत त्याच्या प्रती होत राहिल्या होत्या आणि प्रतीगणिक पाठ बदलत गेले होते. उतरवून घेणारे पुष्कळ होते, ताडून पाहणारे थोडे. नाथांनी प्रती समोर ठेवून ताडून पाहण्याचे काम केले, म्हणून मराठी ग्रंथसंशोधनाचा आरंभ आपण त्यांच्यापासून मानतो.

उतरवणे आणि ताडणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे संगणकाच्या काळात आपण विसरत चाललो आहोत. आमच्या वडवणीच्या शेजारी माजलगाव तालुका आहे. तिथल्या भीमनगरातील बायकांनी १९९६ साली बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्याच कामाचा हा भाग. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस रचला आणि आज तो संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. जाती गेली, गाणारी पिढीही सरत चालली. असे मुद्रण हरवले तर ते पुन्हा करता येणार नाही.

आता लहान ग्रंथालये आणि एकेकटे अभ्यासकही मोडी कागदांची छायाचित्रे, मुलाखती, नोंदी संगणकावर ठेवतात. त्यांचा डेटाबेस पुष्कळदा आभासी यंत्रावर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर असतो. एका वाड्यात चार बिऱ्हाडे नांदावीत तशी एका खऱ्या संगणकाच्या पोटात अशी अनेक यंत्रे नांदतात. प्रत्येकाला वाटते, आपले घर स्वतंत्र आहे. पण वीज, घड्याळ आणि कोठीची जागा मालकाच्या हाती. रोज रात्री आपोआप प्रत निघावी म्हणून आज्ञांची एक यादी लिहून ठेवतात, तिला स्क्रिप्ट म्हणतात. ठरल्या वेळी ती सुरू करणाऱ्या कारभाऱ्याचे नाव क्रॉन. हा कारभारी कामावर आला नाही, तर बहुधा कोणालाच कळत नाही. अशा वेळी मी चार प्रश्न याच क्रमाने विचारतो.

पहिला प्रश्न: ठरल्या वेळी यंत्र जागे होते का? आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. काम संपल्यावर संगणक बंद करण्याची सवयही चांगलीच आहे. पण खरा संगणक बंद, तर त्यातले आभासी यंत्रही बंद. आणि साधा क्रॉन चुकलेले काम मागाहून करत नाही. घड्याळाचाही घोळ असतो. अनेक आभासी यंत्रे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. तिथे ‘रात्री दोन’ असे लिहिले, तर आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तेव्हा ग्रंथालयाचे कुलूपही निघालेले नसते. यावर उपाय सोपे आहेत. यंत्राची वेळ भारतीय करावी, प्रतीची वेळ दुपारची ठेवावी, आणि चुकलेले काम यंत्र सुरू होताच करणारी ॲनाक्रॉनसारखी सोय लावावी.

दुसरा प्रश्न: यंत्र जागे होते, तर स्क्रिप्ट सुरू झाली का? ‘मी हाताने चालवली की चालते, रात्री मात्र चालत नाही’ ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे. आपण स्वतः आज्ञा देतो तेव्हा कोणते अवजार कोणत्या कप्प्यात आहे, याची लांबलचक यादी यंत्रापाशी असते. तिला पाथ म्हणतात. क्रॉनजवळची यादी अगदी तोकडी असते. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक अवजाराचा पूर्ण पत्ता लिहावा. क्रॉन कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने काम करतो आणि त्याला त्या फाइली वाचण्याची परवानगी आहे का, हेही पाहावे. तिसरी खोडी डोळ्यांना दिसतच नाही. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून लिनक्सवर नेली, की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह सोबत जाते. पहिल्याच ओळीला ते चिकटले की लिनक्सला ती ओळ ओळखू येत नाही आणि काम तिथेच थांबते.

तिसरा प्रश्न: प्रत गेली कुठे? बाहेरची डिस्क आभासी यंत्राला जोडलेली नसली, तरी जिथे ती दिसायला हवी तो रिकामा कप्पा जागेवरच असतो. स्क्रिप्ट निमूटपणे त्यातच प्रत ठेवते, म्हणजे मूळ जिथे आहे त्याच घरात. घर जळाले तर दोन्ही जातात. ते नाही झाले तरी काही दिवसांत यंत्राची जागा भरून सगळेच अडते. डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हे स्क्रिप्टने आधी तपासावे आणि नसेल तर मोठ्याने ओरडून थांबावे. स्नॅपशॉटचेही असेच आहे. यंत्राची त्या क्षणीची स्थिती तो धरून ठेवतो खरा, पण बहुधा त्याच डिस्कवर. तिला प्रत समजू नये.

चौथा प्रश्न: फाइलीत काय आहे? डेटाबेसमधून मजकूर काढून तो दाबून लहान करायचा, अशी दोन कामे स्क्रिप्टमध्ये एकापुढे एक जोडलेली असतात. पहिले फसले आणि दुसरे नीट पार पडले, तर यंत्र ‘काम झाले’ असेच सांगते. जीझिपने शून्य मजकूर दाबला तरी वीस बाइटांची फाइल तयार होते. तिला नाव असते, आजची तारीख असते, फक्त आत काही नसते. ‘पाइपफेल’ ही आज्ञा स्क्रिप्टच्या आरंभी लिहिली तर अशी फसवणूक टळते. कालच्या आणि आजच्या फाइलीचे आकारमान शेजारी ठेवून पाहिले, तरी तोच उपयोग होतो.

हे सगळे छोट्या गावातच घडते असे नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळणारी कंपनी. तिथे ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचा सुमारे तीनशे गिगाबाइट मजकूर पुसला गेला. प्रती काढण्याच्या तऱ्हा एकाहून अधिक होत्या. रोजची प्रत काढणारे अवजार डेटाबेसच्या आवृत्तीपेक्षा जुने होते, म्हणून ते दररोज फसत होते. फसल्याची सूचना देणारी पत्रे निघत होती, पण पुरेशी सही नसल्याने ती टपालातच नाकारली जात होती. डिस्कच्या स्नॅपशॉटची सोय फाइली ठेवणाऱ्या यंत्रांना होती, डेटाबेसच्या यंत्रांना लावलेलीच नव्हती. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने कंपनीला तारले. मधल्या सहा तासांचे काम गेले ते गेलेच. कंपनीने ही सारी हकिगत स्वतःहून जाहीर केली, म्हणून तिच्यापासून इतरांना शिकता आले.

या हकिगतीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धागा त्या न पोचलेल्या पत्रांचा आहे. बिघाड झाला तर कळवा, अशी व्यवस्था आपण करतो. पण कळवणारेच बिघडले तर शांतता पसरते आणि शांततेला आपण कुशल समजतो. म्हणून व्यवस्था उलटी लावावी. काम नीट झाले की रोज एक ओळीचा निरोप यावा, आणि निरोप आला नाही की त्याच दिवशी उठून पाहावे. परगावी गेलेल्या माणसाचा पोचल्याचा फोन आला नाही तर घरचे स्वस्थ बसत नाहीत, तसेच हे.

एवढे करूनही ताडून पाहण्याचे काम उरतेच, आणि ते माणसालाच करावे लागते. महिन्यातून एकदा एक रिकामे आभासी यंत्र उभे करावे. मूळ संग्रहाला हात न लावता केवळ प्रतीवरून तो तिथे पुन्हा मांडावा. मग एकूण नोंदी मूळ नोंदींइतक्या भरतात का ते मोजावे. मधलीच एखादी नोंद काढून मूळाशी शब्दशः जुळवावी आणि एखादे ध्वनिमुद्रण आरंभापासून शेवटापर्यंत ऐकावे. लहान संग्रहाला यासाठी एक दुपार पुरते. ज्या दिवशी असे पाहिले ती तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. प्रत झाली, असे त्या नोंदीनंतर म्हणावे.