काट मारलेली किंमत आपल्याला का भुलवते? समजून घ्या ‘अँकरिंग बायस’

मागच्या महिन्यात मी एका शॉपिंग अ‍ॅपवरून इयरफोन घेतले. १,९९९ वर काट, खाली ठळक ६९९. वाटलं, १,३०० रुपये वाचले! दोन दिवसांनी शहागंजच्या बाजारात तेच मॉडेल ५५० ला दिसलं. मग मी फसलो कुठे?

तर याला म्हणतात अँकरिंग बायस. पहिला दिसलेला आकडा डोक्यात रुतून बसतो आणि पुढचा हिशेब आपण त्याच्याच आधाराने करतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ च्या लेखात याचा एक प्रयोग सांगितला आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता!

अ‍ॅपच्या स्क्रीनवर हे चक्र म्हणजे काट मारलेली किंमत. ती बहुतेक वेळा एमआरपी असते. एमआरपीचा अर्थ एवढाच, की यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. वस्तू खरंच तेवढ्याला विकली जाते, असं नाही.

शहागंजमध्येही चपलेचे आधी ८०० सांगतात. पण माझी आई लगेच म्हणते, “अडीचशे देते.” म्हणजे तीही आपला आकडा टाकते! अ‍ॅपवर भाव करायला समोर कोणी नसतं, म्हणून तिथे एकच आकडा राज्य करतो.

मग काय करायचं?

१. अ‍ॅप उघडण्याआधी ठरवा, ‘मी जास्तीत जास्त इतकेच देणार.’
२. ‘किती वाचले’ नाही, ‘किती गेले’ ते बघा.
३. आणखी दोन ठिकाणी भाव तपासा.
४. ‘ऑफर १० मिनिटांत संपणार’ दिसलं तर थांबा. खोटी घाई दाखवणं हा केंद्र सरकारने २०२३ मध्ये मनाई केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’पैकी एक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि तुम्ही स्वतः अ‍ॅप डिझाइन शिकत असाल, तर पहिला आकडा खरा दाखवा. एकदा फसलेला ग्राहक परत येताना दहादा विचार करतो. मी तर आता इयरफोन घ्यायला आईलाच सोबत नेणार आहे!