विकर नेमके कुठे कापते?

बेळगावला खेटून असलेले शहापूर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांकडे होते. आजही शहापूर, वडगाव, खासबाग म्हटले की आधी माग आठवतात. मागावर रेशीम येते ते बहुधा आपला डिंक गमावून. कोशातला धागा दोन प्रथिनांचा असतो, आत फायब्रोइन आणि वरून सेरिसिनचा डिंक. वजनाने हा डिंक साधारण पाव हिस्सा भरतो. तो साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढतात, पण प्रथिने पचवणाऱ्या विकरांनीही, उकळी न आणता, काढता येतो. दोन्ही प्रथिनेच, मग विकर डिंकावरच का तुटून पडते?

फायब्रोइनच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की त्यांचे स्फटिक बनतात आणि विकराला आत शिरायला फटच उरत नाही. सेरिसिन सैल आणि पाणी धरणारे, त्याच्या साखळ्या उघड्या. म्हणजे निवडीचा अर्धा भाग सावजाच्या ठेवणीत असतो. उरलेला अर्धा विकराच्या खाचेत. शेख्टर आणि बर्गर या संशोधकांनी १९६७मध्ये पपईच्या चिकातल्या पपेनवर दाखवले, की विकराच्या खाचेत ओळीने सात कप्पे असतात आणि प्रत्येकात साखळीतले एकेक अमिनो आम्ल बसते. कोणत्या कप्प्याला काय मानवते, यावर काप कुठे पडणार ते ठरते.

अशी नेमकी निवड उष्णतेत वाढणाऱ्या, उष्णताप्रिय बुरशींच्या विकरांतही दिसते आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण दुधात सापडते. ऱ्हायझोम्यूकर मीहेई ही बुरशी तापलेल्या कंपोस्टमध्ये वाढते. गवताच्या गंजी आपोआप का तापतात, याचा १९०७च्या सुमारास अभ्यास करणाऱ्या ह्यूगो मीहे यांचे नाव तिला मिळाले. तिचे विकर दुधातल्या कॅपा-केसीन या प्रथिनाच्या १६९ अमिनो आम्लांच्या साखळीत १०५वे फेनिलअलॅनिन आणि १०६वे मेथिओनिन यांमधला बंध तोडते. वासराच्या पोटातले कायमोसिनही नेमके तिथेच कापते. हा बंध केसीनच्या कणांवर बाहेर आलेल्या भागात असतो. तो तुटला की कणांना दूर ठेवणारे टोक गळते आणि दूध गोठते. अशा विकरांमुळे वासरू न मारताही चीज बनवता येते.

मात्र बुरशीचे विकर कायमोसिनइतके काटेकोर नाही. ते इतरत्रही चावे घेते आणि मुरलेल्या चीजला कडवटपणा येऊ शकतो. शिवाय ते उष्णतेने सहजी मरत नाही, निवळीतही जिवंत राहते. म्हणून कारखानदार त्यातल्या मेथिओनिनचे हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करून ते मुद्दाम नाजूक करतात. रेशमाच्या गरम पाण्यात मात्र तोच चिवटपणा कामाचा ठरेल, असे मला ठामपणे वाटते. उष्णतेने सावजाच्या घड्या सैलावतात, विकराची घडी मोडत नाही.

या विषयाचा पाया आपल्याच देशात घट्ट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या माला राव आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये सूक्ष्मजीवांच्या प्रथिनभंजक विकरांचा मोठा आढावा लिहिला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रमेश माहेश्वरींनी सहकाऱ्यांसह २०००मध्ये उष्णताप्रिय बुरशींचा. निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात चिपाडांचे आणि प्रेसमडचे (साखर कारखान्यातल्या गाळाचे) तापलेले ढीग आहेत, बेळगावात महाविद्यालये आहेत. त्यांनी या ढिगांतल्या बुरशी ५० अंशांवर वाढवाव्यात, त्यांची विकरे आधी केसीनवर आणि मग शहापूरच्या मागांसाठी येणाऱ्या कच्च्या, डिंक न काढलेल्या रेशमावर तपासावीत, आणि धाग्याची ताकद प्रत्येक वेळी मोजावी.