स्पिटफायर सुरू करताना

लढाऊ विमान म्हणजे बटण दाबले की घरघरले, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. संगणकावर विमानचालनाचा हुबेहूब आभास निर्माण करणारे सिम्युलेटर ही समजूत पहिल्याच दिवशी मोडतात. 'डीसीएस वर्ल्ड' या सिम्युलेटरमधील दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश स्पिटफायर मार्क ९ हेच उदाहरण घेऊ.

या विमानाचे मर्लिन इंजिन बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे. आधी पेट्रोलची तोटी उघडायची, थ्रॉटल जेमतेम अर्धा इंच पुढे सारायचा. मग येतो प्रायमर नावाचा छोटा हातपंप. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून या पंपाने थोडे पेट्रोल आगाऊ आत सोडावे लागते. किती वेळा? खरी गोम येथेच आहे. हवा गार असेल तर जास्त, उबदार असेल तर कमी, इंजिन नुकतेच बंद केले असेल तर बहुधा मुळीच नाही. कमी पडले तर इंजिन दाद देत नाही, जास्त झाले तर पेट्रोलने तुंबते. आकडा पाठ करून भागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडे घोकणाऱ्या आम्हा मंडळींची येथे चांगलीच पंचाईत होते!

नंतर मॅग्नेटोचे दोन्ही स्विच चालू करून स्टार्टर आणि बूस्टर कॉइल ही बटणे एकदम दाबायची. दोन कशाला? मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरून वीज निर्माण करतो. इंजिन सावकाश फिरताना त्याची ठिणगी दुबळी असते. तेवढ्यापुरता कॉइलचा आधार.

इंजिन धडधडू लागले, तरी तेल गरम होईपर्यंत जोर लावता येत नाही. फार वेळ थांबावे, तर जमिनीवर पंखांखालच्या रेडिएटरला वारा पुरत नाही आणि पाणी उकळू लागते. वैमानिकाला या दोहोंमधून वाट काढावी लागते. दोन कळा दाबून संगणकाकडूनच सर्व क्रिया करून घेण्याची सोय आहे खरी. पण तिच्यावर विसंबणाऱ्याला पुढे इंजिन का तापले, हे उमगत नाही.

जर्मन मेसरश्मिट १०९ ची तऱ्हा निराळी. तेथे जमिनीवरचा माणूस हँडलने एक जड चाक गरगरा फिरवतो. चाकाने वेग घेतला की वैमानिक ते इंजिनाला जोडतो आणि साठलेल्या वेगाने इंजिन फिरते. आमच्या विहिरीवरचे जुने डिझेल इंजिनही हँडल मारून, चाकाला वेग देऊनच सुरू होते, त्यामुळे हे मला लगेच पटले. सिम्युलेटरमध्ये मात्र आपण नुसता हुकूम सोडायचा. खांदा दुखत नाही.