द्रवरूप वायूचे टर्मिनल आणि ग्रामीण समाज : दाभोळ ते सौंसर

प्रस्तावना

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. संत्रा आणि कापूस ही येथील मुख्य पिके. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. अशा भागातील शिक्षकाने समुद्रकाठच्या वायू टर्मिनलचा अभ्यास कशासाठी करावा, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरातील युरियाच्या गोणीत आहे. भारतातील युरिया जवळजवळ संपूर्णपणे नैसर्गिक वायूपासून तयार होतो. मध्य प्रदेशातील गुना जिल्ह्यातील विजयपूर येथील खत कारखानाही वायूवरच चालतो. देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा वायू जहाजाने येतो. म्हणून टर्मिनलचा प्रश्न हा केवळ किनाऱ्यावरील गावांचा प्रश्न नाही.

टर्मिनल म्हणजे काय?

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. त्यामुळे जिथे वाहिनी नेता येत नाही तिथे तो जहाजाने नेता येतो.

टर्मिनल दोन प्रकारचे असते. निर्यात टर्मिनलमध्ये वायूतील पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधक इत्यादी काढून टाकतात, तो थंड करून द्रवरूप करतात, टाक्यांत साठवतात आणि जहाजात भरतात. आयात टर्मिनलमध्ये हीच क्रिया उलट होते. जहाजातून द्रव उतरवून, त्याला उष्णता देऊन पुन्हा वायू केला जातो व वाहिनीत सोडला जातो. थंड करण्याच्या कामाला प्रचंड ऊर्जा लागते. त्यामुळे निर्यात टर्मिनल अधिक खर्चाचे असते व त्याचा स्थानिक हवेवर आणि जमिनीवर पडणारा भारही मोठा असतो.

भारतात निर्यात टर्मिनल नाही. येथे सर्व टर्मिनले आयातीची आहेत. दहेज येथील पहिले टर्मिनल २००४ मध्ये आणि हजिरा येथील २००५ मध्ये सुरू झाले. कतार आणि अमेरिका यांसारखे देश निर्यात करतात. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील कॅमरन या विरळ वस्तीच्या, मासेमारीवर जगणाऱ्या भागातील सबीन पास येथून २०१६ पासून वायू निर्यात होतो. भारताची गेल ही कंपनीही तेथून वायू घेते.

दाभोळचा अनुभव

मराठी प्रदेशातील सर्वांत बोलके उदाहरण दाभोळचे आहे. नाव दाभोळचे असले तरी प्रकल्प वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर व रानवी या गावांच्या परिसरात आहे. एन्रॉन कंपनीने १९९२ मध्ये प्रस्ताव मांडला आणि १९९३ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. आयात केलेल्या वायूवर वीज करणे महाग पडेल, या कारणास्तव जागतिक बँकेने १९९३ मध्येच प्रकल्पाला कर्ज नाकारले होते. तरीही करार झाला. त्यात मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली, तरी क्षमतेचे पैसे द्यावयाचे होते आणि दर डॉलरशी जोडलेला होता.

१९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा मान्य झाला. स्थानिक शेतकरी व मच्छीमारांच्या आंदोलनांवर पोलिसी कारवाई झाली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थावर सुरू झाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. टर्मिनल अर्धवट राहिले.

२००५ मध्ये एनटीपीसी, गेल इत्यादींच्या सहभागातून नवी कंपनी स्थापन झाली आणि टर्मिनल २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. मात्र लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नव्हते. जमीन आणि किनारा गावांनी सुरुवातीलाच दिला. फायदा मात्र दोन दशके लांबला.

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या कूस बे येथील जॉर्डन कोव्ह प्रकल्पाची कथाही उद्बोधक आहे. तो प्रथम आयातीसाठी मांडला गेला आणि बाजार बदलताच निर्यातीचा झाला. वाहिनीसाठी जमीन देण्यास अनेक मालकांनी विरोध केला, राज्याने आवश्यक परवानग्या नाकारल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. प्रकल्पाचा हेतू कागदावर बदलू शकतो. गावाची जमीन मात्र तीच असते.

वाहिनी आणि बागायतदार

टर्मिनल किनाऱ्यावर थांबते, वाहिनी थांबत नाही. मुंबई–नागपूर–झारसुगुडा यासारख्या वाहिन्या देशाच्या मध्यभागातून जातात. त्यांना १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायदा लागू होतो. या कायद्याने जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. परंतु त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. कापूस किंवा गहू घेणाऱ्याला पट्टा पुन्हा पेरता येतो. संत्र्याच्या बागाइतदाराचे तसे नाही. त्याची झाडे गेली की त्या पट्ट्यातली बाग कायमची गेली.

नुकसानीची भरपाई आणि त्याशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम देण्याची तरतूद कायद्यात आहे. भरपाई मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येते. वापराच्या हक्काविरुद्धची हरकत मात्र अधिसूचनेपासून २१ दिवसांत नोंदवावी लागते.

निष्कर्ष

येथेच शिक्षकाचे काम सुरू होते. मध्य प्रदेशात राजपत्र व सूचना हिंदी-इंग्रजीत निघतात. पांढुर्णा-सौंसर भागातील अनेक घरांत मराठी, तर काहींत उर्दू बोलली जाते. 'वापराचा हक्क' आणि 'संपादन' यांतील फरक न कळल्यामुळे २१ दिवस निघून जाऊ शकतात. महाविद्यालयातील भाषेच्या तासाला एखादी अधिसूचना घेऊन तिचे मराठी व उर्दू भाषांतर विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर भाषेचाही अभ्यास होईल आणि कायद्याचाही.

विद्यार्थ्याने कोणत्याही प्रकल्पाला चार प्रश्न विचारावेत : करारातील जोखीम कोणावर आहे? जमिनीचा कोणता हक्क जातो आणि कोणता राहतो? हरकतीची मुदत किती? प्रकल्प बंद पडल्यास गावाच्या हाती काय उरते? विकासाला विरोध करणे हा या प्रश्नांचा हेतू नाही. शेतीला खत हवे आणि खताला वायू हवा, हे खरेच आहे. परंतु दाभोळच्या गावांना हे प्रश्न वेळेवर विचारता आले नाहीत. पुढच्या गावांना ते विचारता यावेत, एवढी तयारी वर्गात होऊ शकते.