घोड्याच्या पाठीवरचा व्यायाम

घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वरात, रेसकोर्स नाहीतर माथेरानची सहल येते. परंतु ज्याच्या पायांत बळ नाही अशा माणसालाही घोड्याचा आधार होऊ शकतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांना १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे पडले. तरीही त्या पुन्हा घोड्यावर बसल्या. चढताना-उतरताना त्यांना दुसऱ्यांनी धरावे लागे. घोड्याला शिस्तीत चालवण्याच्या ऑलिंपिक स्पर्धेत तोवर फक्त लष्करी अधिकाऱ्यांना प्रवेश होता. १९५२ साली हेलसिंकीत हे दार स्त्रियांनाही उघडले आणि बाईंनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले. १९५६ साली पुन्हा तेच पदक! त्यांच्या उदाहरणाने युरोपात या उपचाराला चालना मिळाली.

यामागे जादू नाही, शास्त्र आहे. घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते. त्यामुळे बसणाऱ्याची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते. तोल सावरताना पाठीचे-पोटाचे स्नायू आपोआप कामाला लागतात. म्हणून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना हा व्यायाम देतात. एक जण लगाम धरतो, दोघे दोन्ही बाजूंनी चालतात. ‘चल’, ‘थांब’ म्हणता म्हणता मूल बोलू लागते. एरवी सगळ्यांकडे मान वर करून पाहणारे ते मूल इथे उंचावरून जग पाहते, हेही काही थोडे नाही.

मात्र याने मूळ व्याधी जात नाही. चौपाटीवरची फेरी म्हणजे उपचार नव्हे. मणका कमकुवत असेल किंवा फिट आटोक्यात नसेल, तर धोकाच. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या देखरेखीशिवाय हे करू नये. शिवाय हा उपचार खर्चाचा. आपल्या आवाक्यात क्वचितच येणारा.

पण घोडा नाही म्हणून व्यायाम अडत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतून मुलांची मोफत तपासणी होते. गरज पडल्यास पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. आमचे पालकांना कळकळीचे सांगणे आहे : मूल वेळेवर मान धरत नसेल, बसत नसेल, तर गंडेदोऱ्यांत दिवस घालवू नका. मागच्या जन्मीचे पाप म्हणून त्याला कोपऱ्यात तर मुळीच बसवू नका. तपासणीला न्या, शिकवलेला व्यायाम रोज करून घ्या. मुलाचे वाढीचे दिवस पुन्हा येत नाहीत.