ध्रुवावरील वादळ आणि डिंडोलीचे आकाश

प्रस्तावना

डिंडोलीतील रिक्षाचालक मोबाईलवर पत्ता शोधतो, तेव्हा त्याचे स्थान सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या संदेशांवरून ठरते. हे संदेश वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरातून, म्हणजे आयनांबरातून, खाली येतात. या थराची स्थिती सूर्यावरील घडामोडींनुसार बदलत असते. या बदलांच्या अभ्यासास अवकाश हवामान असे म्हणतात. यातील मोठ्या उलथापालथी प्रथम ध्रुवांवर होतात. मात्र त्यांचे परिणाम सुरतेपर्यंत पोहोचतात. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ध्रुव हेच प्रवेशद्वार का?

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हा झोत बहुतांशी अडविते. परंतु ध्रुवांजवळ चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असल्याने तेथे अवकाशातील ऊर्जा खाली उतरते. चुंबकीय रेषांच्या दिशेने विद्युतप्रवाह वाहत असावेत, ही कल्पना नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बर्केलँड यांनी १९०८ मध्ये मांडली. तिचा पुरावा मात्र उपग्रह आल्यानंतर, १९६० च्या दशकात मिळाला.

हे प्रवाह सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर आडवे वाहतात व तेथील हवा तापवितात. तापलेली हवा प्रसरण पावून वर चढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडण्यात आले होते. चुंबकीय वादळामुळे तेथील हवेची घनता वाढली आणि त्यांपैकी बहुतेक उपग्रह खाली येऊन नष्ट झाले. वादळ मध्यम स्वरूपाचे होते, हे विशेष.

उपग्रहांद्वारे अभ्यास

युरोपीय अवकाश संस्थेने २२ नोव्हेंबर २०१३ रोजी 'स्वॉर्म' हे तीन उपग्रह सोडले. ते सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी करतात व प्रत्येक फेरीत दोन्ही ध्रुवांजवळून जातात. दोन उपग्रह शेजारी शेजारी फिरत असल्याने चुंबकीय क्षेत्रातील फरकावरून मधून वाहणारा प्रवाह मोजता येतो. भारताचे 'आदित्य-एल १' हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर सौरवात मोजत आहे. वेगवान सौरवातास तेथून पृथ्वीपर्यंत येण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढाच पूर्वसूचनेचा अवधी.

कुलाब्याची नोंद

जमिनीवरील नोंदींचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर उद्रेक दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. ही नोंद वापरून भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये त्या वादळाची तीव्रता मांडली. ही घसरण पृथ्वीभोवतीच्या कंकणाकृती प्रवाहामुळे झाली की ध्रुवीय प्रवाह दक्षिणेकडे सरकल्यामुळे, यावर आजही मतभेद आहेत. आजच्या मोठ्या वादळांत उपग्रहांनी केलेली मोजमापे हा प्रश्न सोडविण्यास उपयुक्त ठरत आहेत.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडू नयेत म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबाग येथे वेधशाळा उभारण्यात आली. दोन्ही ठिकाणी सुमारे दोन वर्षे समांतर मोजमाप झाले व नोंदींची साखळी अखंड राहिली.

सुरतेचा संबंध

दिवसा चुंबकीय विषुववृत्तावरील, म्हणजे दक्षिण भारतावरील, विद्युतभारित कण वर चढतात आणि दोन्ही बाजूंस कारंज्याप्रमाणे खाली येतात. सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावरील सुरत या कारंज्याच्या उत्तर शिखराजवळ आहे. म्हणूनच सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जी.पी.एस. संदेशांवरून येथील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण अभ्यासले गेले आहे. ध्रुवावर वादळ झाले की तेथील विद्युतक्षेत्र काही मिनिटांतच विषुववृत्तापर्यंत जाणवते व कारंजे चढते किंवा मंदावते. पुढे तापलेल्या ध्रुवीय हवेचे वारेही येथवर परिणाम करतात. दर चौरस मीटरच्या स्तंभात १० च्या १८ व्या घाताइतके इलेक्ट्रॉन वाढले, म्हणजे शंभर एकके, तर एका संदेशात सुमारे १६ मीटरची चूक येऊ शकते. ती दुरुस्त करण्यासाठीच विमानांकरिता 'गगन' ही भारतीय प्रणाली उभारली गेली.

निष्कर्ष

१० मे २०२४ रोजी सुरू झालेल्या वादळात लडाखमधील हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. दूरच्या ध्रुवाचा विषय हा आपल्या आकाशाचाही विषय आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. कुलाब्यात १८५९ मध्ये काटेकोर नोंद ठेवणाऱ्यांना तिचा पुढील उपयोग ठाऊक नव्हता. नोंद नियमित ठेवणे हेही संशोधनच आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांसमोर मांडण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.