लाकडी ओटा वाढवायचा, तर आधी जमिनीखाली बघा!

मुलांनो, आपल्याकडे कोकणात घराला पडवी असते, देशावर ओसरी असते, ओटा असतो. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या मागच्या दारी लाकडाचा ओटा असतो. त्याला म्हणतात डेक. उन्हाळ्यात सगळं घर तिथेच जेवतं, गप्पा मारतं. तिथले आपले मराठी लोकही त्यावर पाहुण्यांच्या पंगती मांडतात.

आपला ओटा दगडमातीने भरलेला, भरीव. डेक मात्र खालून पोकळ. जुन्या वाड्यातला कडीपाट पाहिलाय का? तीच कल्पना इथे अंगणात येते. वर पायाखालच्या फळ्या. फळ्यांखाली ओळीने कड्या. कड्यांचं एक टोक घराच्या भिंतीला, दुसरं तुळईवर. तुळई खांबांवर आणि खांब जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर. या ठोकळ्याला फुटिंग म्हणतात. तुम्ही फळीवर उडी मारलीत, की तुमचं वजन याच वाटेने खाली उतरतं आणि शेवटी मातीला पोचतं.

आता समजा, घरात माणसं वाढली आणि डेक मोठा करायचा ठरला. घरमालकाला वाटतं, "त्यात काय! पुढे दोन खांब रोवू, फळ्या ठोकू, झालं." इथेच गंमत आहे. चला, गणित करू.

जुना डेक १० फूट लांब, १० फूट रुंद. बाहेरच्या कडेला तुळई, तिच्याखाली तीन खांब: दोन कोपऱ्यांत, एक मध्ये. कड्यांवरचा अर्धा भार घराकडे जातो, अर्धा तुळईवर. म्हणजे तुळईच्या वाट्याला ५ फुटांचा पट्टा. त्यातला साधारण अर्धा भार मधला खांब उचलतो. ५ गुणिले ५, म्हणजे २५ चौरस फूट.

आता डेक पुढे ६ फूट वाढवला आणि नव्या कड्यांचं एक टोक जुन्या तुळईवरच टेकवलं. नव्या भागाचा अर्धा भार, म्हणजे ३ फुटांचा पट्टा, जुन्या तुळईवर आला. पाचाचे झाले आठ! मधल्या खांबाच्या वाट्याला आता ५ गुणिले ८, म्हणजे ४० चौरस फूट. त्या बिचाऱ्या खांबाला कुणी हातही लावला नाही, तरी त्याचं ओझं ६० टक्क्यांनी वाढलं!

हिशेब करताना दर चौरस फुटाला माणसं-सामानाचे ४० पौंड आणि लाकडाचे १० पौंड धरतात. मिळून ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो. पूर्वी खांबावर ५७५ किलो, आता ९२० किलो. माती नरम असेल, तर तिच्या एका चौरस फुटावर १५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ६८० किलोंहून जास्त भार देत नाहीत. म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद फुटिंग जुन्या डेकला पुरत होतं, नव्याला पुरणार नाही. मग डेक हळूहळू खचतो.

खरं वाटत नाही? वाळूच्या ढिगात पेन्सिल उभी दाबून बघा. भसकन आत जाईल. आता तिच्याखाली बाटलीचं झाकण ठेवून तेवढ्याच जोराने दाबा. पेन्सिल तीच, जोर तोच, पण भार पसरला!

फुटिंग नुसतं रुंद असून भागत नाही, खोलही लागतं. थंड मुलखात हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं. पाण्याचा बर्फ झाला, की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. शिवाय गोठणारा थर खालच्या मातीतलं पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाचे पापुद्रे जाडच होत जातात. ते वरची माती उचलतात, आणि मातीबरोबर फुटिंगही! वसंतात बर्फ वितळला, की सगळं पुन्हा खाली. म्हणून गोठण जिथवर पोचते, त्याच्या खाली फुटिंगचा तळ न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या नियमात दक्षिण भागात ४२ इंच खोली सांगितली आहे, उत्तर भागात ६० इंच. म्हणजे तुमच्यापैकी काहीजण त्या खड्ड्यात उभे राहिलात तर दिसणारही नाही! जुने खांब खोल आणि नवे उथळ असले, तर दर हिवाळ्यात नवी बाजू वर उचलली जाते.

आता वरच्या सांगाड्याकडे येऊ. दोन पुस्तकांवर पट्टी आडवी ठेवा, मधोमध नाणी ठेवा. पट्टी वाकेल. पुस्तकं दुप्पट अंतरावर न्या. तेवढ्याच वजनाने वाक आठपट होतो! आता पट्टी कडेवर उभी धरून दाबा. वाकतच नाही. सुतार कडी नेहमी उभी का बसवतात, कळलं ना? डेक वाढवताना कड्या नुसत्या लांब करून चालत नाही, त्या उंचीलाही जास्त घ्याव्या लागतात, नाहीतर मध्ये तुळई द्यावी लागते.

आणि भिंतीशी असलेला जोड? कड्या पेलणारी भिंतीवरची फळी नुसत्या खिळ्यांनी ठोकली, तर खिळे हळूहळू उपसून येतात. तिथे बोल्टच हवेत. डेक कोसळण्याचे कितीतरी अपघात याच जोडापाशी होतात. २९ जून २००३ ला शिकागो शहरात एका तीन मजली इमारतीचा मागचा लाकडी सज्जा मेजवानी चालू असताना कोसळला. १३ तरुण मुलंमुली गेली. फळ्या ठोकण्याआधी तिकडे नगरपालिकेची परवानगी आणि तपासणी लागते. काहींना ती कटकट वाटते. मला नाही वाटत.

खड्डा खणण्याआधी एक फोनही करायचा असतो. नंबर ८११. २००७ पासून हा नंबर अमेरिकेत सगळीकडे चालतो. मग माणसं येऊन जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. त्यानंतर दोऱ्या ताणून आखणी. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले, की कोपरे काटकोनात आले.

आता एक कोडं. समजा, नवा ६ फुटांचा भाग जुन्या तुळईवर टेकवलाच नाही. जुन्या तुळईला लागूनच त्याला स्वतःची वेगळी तुळई, वेगळे खांब आणि नवी फुटिंगं दिली. तर जुन्या मधल्या खांबावर किती चौरस फुटांचा भार येईल?

(उत्तर : २५. पहिला होता तेवढाच. नव्या तुळईच्या मधल्या खांबावर १५.)